जळका मध आणि एक जुनें पान

मध आपल्या घरांत कोठें असतो, असें कोणास विचारिलें, तर बहुधा उत्तर येईल कीं, देवघरांत आणि औषधांच्या फडताळांत. पंचामृतास चमचाभर, खोकल्याच्या चाटणास बोटभर, आणि लग्नांत नवरदेवाच्या मधुपर्कास थोडासा, एवढ्यावर आमचा मधाशीं संबंध संपतो. ह्याच मधाचें मद्य करून राजांच्या सभा रात्रीच्या रात्री जागत असत, हें पुस्तकांतून आम्हांस ठाऊक असतें. परंतु त्या मद्याचा रंग, वास व चव ह्यांची कल्पना आमच्यापैकीं फारच थोड्यांस असेल. प्रस्तुत लेखाचा विषय ह्या मधुमद्याचा एक चमत्कारिक प्रकार हा आहे. ह्यांत मध नुसता पाण्यांत कालवीत नाहींत; तो आधीं विस्तवावर काळसर होईपर्यंत जाळतात. फ्रेंच भाषेंत ह्या पेयास 'बोशे' असें नांव आहे. सहाशें वर्षांपूर्वींच्या एका पॅरिसकर गृहस्थानें लिहून ठेविलेल्या पुस्तकाच्या एका पानामुळें त्याची कृति आज आपल्यास उपलब्ध आहे. तें पान मीं प्रथम वाचलें तें इतिहासाचा अध्यापक म्हणून. परंतु तें मला समजलें तें स्वयंपाकघरांत, आणि तेंहि माझ्या बुद्धीच्या बळावर नव्हे. ती हकीकत वाचकांस सादर करावी असें मनांत आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. संस्कृत 'मधु', ग्रीक 'मेथु', लिथुएनियन 'मेदुस', रशियन 'म्योद' आणि इंग्रजी 'मीड' हे सर्व शब्द एकाच कुळांतील होत, ही गोष्ट तौलनिक भाषाशास्त्रानें निश्चित केलेली आहे. रशियन लोक अस्वलास 'मेद्व्येद्' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ मध खाणारा असाच आहे. चिनी भाषेंतील मधाचा 'मी' हा शब्द मध्य आशियांतील तोखारी लोकांच्या 'मित्' ह्या शब्दावरून गेला असें विद्वान् मानतात. शब्द जितका दूर गेला, तितकीच वस्तूहि जुनी आहे. चीनच्या हनान प्रांतांत जिआहू येथें सांपडलेल्या, सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींच्या मातीच्या भांड्यांना चिकटलेल्या अंशांची परीक्षा करून, त्यांत तांदूळ, मध व फळें ह्यांचें आंबविलेलें पेय होतें, असा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु ह्या शब्दाची एक गंमत अशी कीं, वस्तु हातची गेली तरी तो टिकून राहिला. होमरच्या काव्यांत 'मेथु' म्हणजे द्राक्षांचें मद्य. मधाचा तेथें मागमूस नाहीं. इकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं मद्यांचे प्रकार सांगतांना 'मधु' म्हणजे द्राक्षाचा रस, अशी स्पष्ट व्याख्या केलेली आहे, आणि कापिशायन व हारहूरक अशीं त्याचीं देशावरून पडलेलीं नांवें दिलीं आहेत. दोन देशांत, एकमेकांस न विचारतां, एकच गोष्ट घडली. जुन्या पेयाची जागा नव्या पेयानें घेतली, आणि जुन्याचें नांवहि त्यालाच मिळालें. शब्द वस्तूची साक्ष देतो हें खरें. परंतु ती वस्तु कशी करीत हें तो सांगत नाहीं.

कृति सांगणारे लेखक युरोपांत फार पूर्वींपासून आढळतात. इ. स. च्या पहिल्या शतकांतील रोमन कृषिशास्त्रज्ञ कोलुमेला ह्यानें आपल्या ग्रंथाच्या बाराव्या भागांत मधुमद्याचें प्रमाण दिलें आहे. कित्येक वर्षें सांठविलेलें पावसाचें पाणी घ्यावें, त्यांत ठराविक वजनाचा मध मिसळावा, आणि श्वानतारका उगवण्याच्या दिवसांत तें मिश्रण चाळीस दिवस उन्हांत ठेवावें, असा त्याचा विधि आहे. पुढें उत्तरेकडील थंड देशांत, जेथें द्राक्ष पिकत नाहीं तेथें, मधुमद्य हें राजमान्य पेय झालें. प्राचीन इंग्रजी काव्य बेओवुल्फ ह्यांत राजा ह्रोथगार ह्याचें सभागृह हें मधुमद्याचेंच सभागृह आहे, आणि त्याची राणी स्वतः चषक घेऊन पाहुण्यांस देते. वेल्समध्यें तर मधुमद्य करणारा मनुष्य राजदरबारच्या अधिकाऱ्यांत गणला जाई. सन्मान्य अतिथीस मधाचें कांहीं तरी पुढें करावें ही रीति आमच्या मधुपर्कांतहि आहे. मात्र आमच्या मधुपर्कांत मधाबरोबर दहीं असतें, मद्य नसतें.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा निरास करणें बरें. इंग्रजी भाषेंत नवविवाहितांच्या पहिल्या महिन्यास 'हनीमून' म्हणतात. त्याचें मूळ, वधूवरांस महिनाभर मधुमद्य पाजण्याच्या एका प्राचीन चालींत आहे, असें पुष्कळ पुस्तकांतून सांगण्यांत येतें. ह्यास आधार नाहीं. हा शब्द सोळाव्या शतकांत आढळूं लागतो, आणि त्या वेळच्या कोशकारानें दिलेला अर्थ असा कीं, हें प्रेम आरंभीं मधासारखें गोड असून पुढें चंद्रासारखें क्षीण होत जातें. त्यांत चालीरीति कांहीं नाहींत, थट्टा आहे.

आतां आपल्या पानाकडे वळूं. इ. स. १३९३ च्या सुमारास पॅरिसमधील एका सधन व वयस्क गृहस्थानें आपल्या तरुण पत्नीसाठीं एक पुस्तक लिहिलें. त्याचें नांव पुस्तकांत नाहीं. 'पॅरिसचा गृहस्थ' एवढ्याच नांवानें तो ओळखला जातो. लग्नाच्या वेळीं ती मुलगी पंधरा वर्षांची होती. तिनें त्यास विनंती केली होती कीं, माझ्या हातून चूक झाली तर परक्यांच्या देखत बोलूं नका; एकांतांत सांगा, म्हणजे मी सुधारीन. त्या विनंतीस दिलेलें उत्तर म्हणजे हें पुस्तक. देवधर्म, पतिसेवा, बागबगीचा, नोकरचाकरांची व्यवस्था, बाजारहाट आणि शेंकडों पाककृति असा त्याचा पसारा आहे. आपण हिच्या आधीं मरणार आणि ही दुसरें लग्न करणार, हें त्यानें गृहीत धरिलें आहे. दुसऱ्या घरीं गेल्यावर हिला कोणी नांवें ठेवूं नयेत, अशी त्याची तळमळ आहे. आजच्या वाचकास त्या पुस्तकांतील पुष्कळ उपदेश रुचणार नाहीं. तथापि आपल्या मागें हिचें कसें होईल, ही काळजी पानापानांत दिसते, आणि तिच्यामुळें ह्या पुस्तकाविषयीं मनांत एक प्रकारचा जिव्हाळा उत्पन्न होतो. हें पुस्तक १८४६ सालीं बॅरन पिशों ह्यानें प्रथम छापून प्रसिद्ध केलें. १९२८ सालीं आयलीन पॉवर ह्या विदुषीनें त्याचें इंग्रजी रूपांतर केलें, तें संक्षिप्त आहे. आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर २००९ सालीं निघालें.

बोशेची कृति त्यांत आजारी माणसांच्या पेयांत आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तिचा सारांश असा. सहा सेतिए बोशे करावयाचें असल्यास उत्तम गोड मध सहा पाइंट घ्यावा. तो कढईंत घालून विस्तवावर ठेवावा आणि सारखा ढवळीत राहावें. तो फुगूं लागेल, त्यावर बारीक फोडांसारखे बुडबुडे येतील, ते फुटतील आणि फुटतांना त्यांतून किंचित् काळसर धूर निघेल. तोंवर तो शिजवावा. मग त्यांत सात सेतिए पाणी घालून तें आटून सहा सेतिए होईपर्यंत ढवळीत उकळावें. पुढें तें एका मोठ्या भांड्यांत ओतून कोमट होऊं द्यावें, फडक्यांतून गाळावें, पिंपांत भरावें आणि त्यांत बिअर करणाऱ्यांकडील किण्व अर्धा पाइंट घालावें, कारण त्यानेंच पेयास झणका येतो. पावाचें आंबवण घातलें तरी चव तीच येते, रंग मात्र फिका पडतो. मग पिंप चांगलें उबदार झांकून ठेवावें. अधिक चांगलें व्हावें असें वाटल्यास सुंठ, पिंपळी, स्वर्गाचे दाणे व लवंग हीं घ्यावीं, त्यांत लवंग सर्वांत कमी. तीं कापडाच्या पिशवींत बांधून आंत टाकावीं. दोन तीन दिवसांनीं वास व झणका पुरेसा आला म्हणजे पिशवी काढून पिळावी आणि पुढच्या पिंपांत टाकावी. अशी एक पिशवी तीन चार वेळां कामास येते.

ह्या लहानशा पानांत किती जग सांठविलें आहे पाहा. पिंपळी आणि सुंठ हीं हिंदुस्थानांतून निघून अरबी व्यापाऱ्यांच्या हातून अलेक्झांड्रियास आणि तेथून व्हेनिसच्या गलबतांतून पुढें जात. लवंग त्याहूनहि दूरच्या मोलक्का बेटांतली. स्वर्गाचे दाणे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील, वेलदोड्याच्या कुळांतील एक तिखट बी. अशा मोलाच्या जिनसा असल्यामुळेंच ती पिशवी पिळून पुन्हां पुन्हां वापरण्याचा हिशेब तो बायकोस शिकवीत आहे. त्याच ठिकाणीं चार वर्षें टिकणाऱ्या दुसऱ्या एका बोशेची कृति असून, तींत मधावरील जो फेस काढून टाकावयाचा, त्याचें काय करावें हेंहि सांगितलें आहे: फेस एक भांडें आणि पाणी बारा भांडीं एकत्र उकळावीं, म्हणजे तें चाकरमाणसांसाठीं चांगलें बोशे होतें. धन्याच्या पिंपांत दालचिनी व लवंग, आणि चाकरांच्या वांट्यास फेसवणी! त्या काळच्या समाजव्यवस्थेवर एखाद्या प्रकरणानें पडणार नाहीं एवढा प्रकाश ह्या एका ओळीनें पडतो.

मापांचा हिशेबहि करून पाहण्याजोगा आहे. पॅरिसचा सेतिए म्हणजे आठ पाइंट, आणि तेथील पाइंट एका लिटरहून थोडा कमी. म्हणजे सहा पाइंट मधाचें अठ्ठेचाळीस पाइंट पेय झालें. एकास आठ हें प्रमाण पडलें. मधांत शेंकडा ऐंशीच्या सुमारास साखर असते. ती सर्वच्या सर्व आंबली तरी ह्या पेयांत शेंकडा आठांहून फारसा अधिक मद्यार्क येणें शक्य नाहीं. आणि मध जळाल्यामुळें साखरेचा कांहीं भाग किण्वाच्या उपयोगाचा राहत नाहीं, शिवाय पेय थोड्याच दिवसांत पिण्याजोगें होतें, हें पाहतां तें पुष्कळच सौम्य असलें पाहिजे. आज इंग्लंडांत व अमेरिकेंत ह्या कृतीचें पुनरुज्जीवन करणारे हौशी लोक बहुधा मध पुष्कळ घालून, दाट, गोड व जहाल असें मद्य करितात आणि त्यास बोशे म्हणतात. त्यांची चव त्यांस लखलाभ असो. परंतु आजाऱ्यास देण्याचें तें पॅरिसचें पेय नव्हे.

मध तापविण्याची ही गोष्ट आमच्याकडील वाचकास खटकल्यावांचून राहणार नाहीं. चरकानें तापविलेला मध मारक सांगितला आहे, आणि सुश्रुतानेंहि मधाचा उष्णाशीं विरोध सांगितला आहे. मध हा नाना फुलांच्या रसांचा, त्यांत विषारी फुलांचाहि, आणि विषारी माश्यांनीं केलेला, म्हणून उष्णाशीं त्याचें जमत नाहीं, अशी त्याची उपपत्ति आहे. परंतु आमचे हे शास्त्रकार अपवादहि सांगावयास विसरत नाहींत. वमनासाठीं दिलेला मध उष्ण असला तरी बाधत नाहीं, कारण तो पोटांत राहत नाहीं व पचत नाहीं, असें सुश्रुतानें सकारण म्हटलें आहे. अर्वाचीन रसायनशास्त्र ह्या वादांत काय म्हणतें? मध तापला म्हणजे त्यांत हायड्रॉक्सिमेथिलफर्फ्युरल नांवाचें द्रव्य वाढतें, आणि आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें विक्रीच्या मधांत त्याची मर्यादा किलोस ४० मिलिग्रॅम, उष्ण देशांतील मधास ८० मिलिग्रॅम, अशी घातली आहे. परंतु ही मर्यादा मध जुना किंवा तापविलेला आहे कीं ताजा, हें ओळखण्याची खूण म्हणून आहे; विषाची परीक्षा म्हणून नव्हे. भाजलेल्या कॉफींत हेंच द्रव्य ह्याहून अधिक असतें, आणि ती तर आपण रोज पितों. मधमाश्यांस मात्र असा मध खाऊं घातल्यास अपाय होतो.

ह्या निषेधामुळें आमच्याकडे मधाचीं आंबवणें झालींच नाहींत असें मात्र नाहीं. मध्वासव हें चरकांतच आहे. आसव व अरिष्ट ह्यांतील सामान्य भेद वैद्य असा सांगतात कीं, आसवांत औषधें न उकळतां घालतात आणि अरिष्टांत त्यांचा काढा करितात. परंतु काढा केला तरी तो निववून मगच त्यांत मध किंवा गूळ घालावयाचा, ही आमची रीति. किण्वाचें काम करण्यास धायटीचीं फुलें घालतात, आणि भांड्याचें तोंड बंद करून तें महिनाभर जमिनींत किंवा धान्याच्या राशींत पुरून ठेवितात. पॅरिसच्या गृहस्थानें ऊब राहावी म्हणून पिंप झांकलें, आमच्या वैद्यानें भांडें भातांत पुरलें. दोघांसहि ठाऊक नव्हतें कीं, आंत एक सजीव सृष्टि काम करीत आहे. ती गोष्ट १८५७ पासून पुढें पाश्चरनें सिद्ध केली. कारण ठाऊक नसतां कार्य बिनचूक साधणें, हा सर्वच जुन्या हस्तकौशल्यांचा विशेष आहे.

आतां स्वयंपाकघराची हकीकत. हें पान वाचल्यावर मला एक शंका सतावूं लागली. मध नेमका किती जाळावयाचा? शास्त्रीय पुस्तकांत असें दिलेलें असतें कीं, मधांतील फ्रुक्टोज ही साखर ११० अंश शतमान उष्णतेच्या सुमारास करपूं लागते; त्याखेरीज मधांतील अल्प प्रथिनद्रव्यें व साखर ह्यांची १९१२ सालीं मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलेली क्रिया होऊन रंग गडद होतो. तेव्हां एक उष्णतामापक आणि अर्धा लिटर महाबळेश्वरी मध घेऊन मी एका रविवारीं शेगडीशीं उभा राहिलों. माझी वडील बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतों, ती त्या वेळीं माझ्याकडे राहावयास आली होती. तिचें वय सत्तरीच्या पुढें आहे. मध विस्तवावर ठेवावयाचा, हें ऐकूनच तिनें कपाळास हात लावला. "आई असती तर तुला ह्या खोलींत पाऊल ठेवूं दिलें नसतें," एवढें म्हणून ती पाटावर जाऊन बसली.

पहिल्या खेपेस मीं पारा ११० वर येतांच पातेलें उतरविलें. मधास थोडी लाली आली होती, एवढेंच. धूर नाहीं कीं फोड नाहींत. दुसऱ्या खेपेस तोच मध पुन्हां चढविला. तो एकाएकीं तिप्पट फुगून पातेल्याच्या कांठाबाहेर आला. तें निस्तरण्याच्या गडबडींत माझें पाऱ्याकडे लक्ष राहिलें नाहीं, आणि ढवळणें थांबलें. पाहतों तों बुडाशीं कोळसा झालेला, आणि साऱ्या घरांत कडवट धूर. महाबळेश्वरच्या माश्यांचे किती दिवसांचे श्रम मीं पाऊण तासांत वायां घालविले, ह्याचा हिशेब न करणेंच बरें.

पुढच्या रविवारीं अक्का आपण होऊन उठली. "आंकडा नको सांगूं," ती म्हणाली. "त्यानें काय पाहिलें तें सांग." मीं तिला त्या पानाचा अर्थ मराठींत सांगितला. फोडांसारखे बुडबुडे, ते फुटणें आणि त्यांतून काळसर धूर, एवढें ऐकल्यावर तिनें दुसरें कांहीं विचारिलें नाहीं. मोठें, जाड बुडाचें पातेलें काढलें, मध तळाशीं दोन बोटें राहील इतकाच घातला, आंच मंद ठेविली आणि लांब दांड्याचा पळा घेऊन ती ढवळूं लागली. मध्यंतरीं ती म्हणाली, "पाणी आहे तोंवर बुडबुडा चट्‌कन् फुटतो. पाणी गेलें कीं तो जड होतो. आधीं फुगून बसतो, मग फुटतो. तुझ्या त्या माणसाचे फोड म्हणजे हेच." मध सोन्यासारखा होता तो तांबूस झाला, मग चहासारखा, मग कॉफीसारखा. वासहि पालटत गेला. आरंभीं फुलांचा, नंतर साखरेच्या पाकाचा, आणि शेवटीं भाजलेल्या दाण्यासारखा. बुडबुड्यांतून पहिला काळसर धूर निघाला मात्र, आणि तिनें पातेलें खालीं उतरविलें. मीं पाणी ओतण्यास हात पुढें केला तो तिनें मागें सारला. आधणाचें पाणी घेऊन, पळ्यापळ्यानें, कांठाकडून सोडलें; तरी तें तडतडून उडालेंच. थंड पाणी एकदम ओतलें असतें तर माझा हात भाजल्यावांचून राहता ना.

सहाशें वर्षांपूर्वींचें फ्रेंच पान तिला माझ्या आधीं कसें समजलें? कारण तें तिच्या भाषेंत लिहिलेलें होतें. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक ही आमच्या स्वयंपाकघराची भाषा अंशांची नव्हे, लक्षणांची आहे. पॅरिसच्या त्या कढईंतील फोड आणि धूर हीं तशींच लक्षणें होत. ती कृति त्या गृहस्थानें स्वतःच्या हातानें केली असेल असें मला वाटत नाहीं. त्याच्या घरीं आग्नेस नांवाची एक व्यवहारदक्ष प्रौढ स्त्री व जाँ नांवाचा कारभारी अशीं माणसें होतीं, हें त्यानेंच लिहिलें आहे. परंतु कढईजवळ उभें राहून करणाऱ्याच्या डोळ्यांस काय दिसतें तें त्यानें नीट पाहिलें किंवा विचारून घेतलें, आणि तसेंच लिहिलें. मोठमोठ्या ग्रंथकारांस जें जमलें नाहीं तें त्यास जमलें.

पुढील भाग मात्र आमच्या घरीं झाला नाहीं. आपल्या राज्यांत परवान्यावांचून मद्य तयार करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. आमच्या मधाचें आम्हीं पाणी घालून, आलें लावून सरबत केलें, आणि अक्कानें तें देवास न दाखवितां पण आवडीनें घेतलें. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास, जेथें घरच्यापुरतें असें पेय करण्यास मोकळीक आहे, मीं अक्काचीं लक्षणें लिहून कळविलीं, आणि त्यानें अर्धा लिटर मधास चार लिटर पेय ह्या मूळच्या प्रमाणानें बोशे सिद्ध केलें. त्याचें पत्र आलें कीं, तिसऱ्या दिवशीं पेयास बुडबुडे व झणका आला. रंग काळ्या चहाचा, चव किंचित् आंबट व किंचित् कडू, गोडी फारच थोडी, आणि गिळल्यावर भाजलेल्या साखरेचा वास मागें रेंगाळतो. एक बाटली त्यानें सहा महिने ठेविली. तिची कडूपणाची धार गेली होती. पिंपळीचा तिखटपणा मात्र तसाच होता, आणि तो चाखतांना आपल्यास घरच्या सर्दीवरील काढ्याची आठवण झाली, असें त्यानें लिहिलें आहे.

असें हें पेय मग नाहींसें कां झालें? बोशेच काय, सर्वच मधुमद्य युरोपच्या बहुतेक भागांतून हळूहळू मागें पडलें, आणि ह्याचें कारण लोकांची रुचि पालटली एवढेंच देऊन भागत नाहीं. पूर्वीं माशा पाळीत त्या जितक्या मधासाठीं तितक्याच मेणासाठीं. ख्रिस्ती देवळांतील मेणबत्त्यांस मेण लागे. गवताच्या टोपलींत माशा ठेवीत, शरदृतूंत गंधकाच्या धुरानें त्या मारून पोळें काढीत, मध पिळून घेत, आणि मेण वितळविण्यापूर्वीं पोळें धुतल्यावर जें गोड पाणी निघे त्याचें घरोघर मद्य होई. सोळाव्या शतकांत धर्मक्रांति झाली. इंग्लंडांत १५३६ ते १५४१ ह्या काळांत मठ बंद झाले आणि मेणाची एक मोठी मागणी संपली. सतराव्या शतकाच्या मध्यापासून वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या श्रमाची साखर युरोपांत येऊं लागली, आणि गोडाचा मुख्य पदार्थ हें मधाचें स्थान गेलें. धान्याची बिअर त्याहून स्वस्त होतीच. शेवटीं १८५१ सालीं लँगस्ट्रॉथनें हलत्या चौकटींची पेटी काढली आणि १८६५ सालीं ह्रुश्का ह्यानें मध काढण्याचें फिरतें यंत्र शोधून काढलें. तेव्हांपासून पोळें न मोडतां मध निघूं लागला, आणि धुण्यास पोळेंच उरलें नाहीं. माश्यांस जीवदान मिळालें हें फार चांगलें झालें. परंतु त्याबरोबर घरगुती मद्याचें मूळ द्रव्यहि गेलें.

जेथें परंपरा तुटली नाहीं अशा ठिकाणीं ही विद्या अजून जिवंत आहे. इथिओपियांत गेशो नांवाच्या झुडपाचीं पानें व काटक्या घालून 'तेज' नांवाचें मधुमद्य करितात. पोलंडांत मध व पाणी ह्यांच्या प्रमाणावरून मधुमद्याचे चार प्रकार आहेत. मधाच्या निम्मे पाणी घातलेला प्रकार तीन वर्षें मुरवावा लागतो. मधाच्या तिप्पट पाण्याचा प्रकार नऊ महिन्यांत पिण्याजोगा होतो. हीं नांवें व प्रमाणें २००८ सालीं युरोपीय संघानें परंपरागत म्हणून नोंदून घेतलीं. परंतु फ्रान्समध्यें बोशे करणारा हात उरला नाहीं; उरलें तें एक पान. इंग्लंडांत १६६९ सालीं, लेखकाच्या मृत्यूनंतर, सर केनेल्म डिग्बी ह्याचें पाककृतींचें पुस्तक निघालें, त्यांत मधुमद्याच्या शंभराहून अधिक कृति आहेत. मधाचें पाणी किती दाट असावें, तर त्यांत टाकलेलें अंडें तरंगून त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसावा, अशी खूण त्यांत येते. तीहि अंशांची नव्हे, लक्षणाचीच खूण आहे. आणि अशा खुणा ज्यांनीं लिहून ठेविल्या, त्यांच्याच कृति आज पुन्हां करितां येतात.

ह्या सर्व शोधाचा माझ्या मनावर झालेला परिणाम सांगून लेख संपवितों. आमची आई मोरावळा करीत असे. तिच्या हातचा एक कागद माझ्याजवळ आहे. त्यांत आंवळे किती, साखर किती, वेलदोडे किती, हें शेर-तोळ्यांत नीट लिहिलेलें आहे. पाक कधीं उतरवावा ह्याविषयीं एक अक्षर नाहीं. तें तिला लिहावेंसें वाटलें नाहीं, कारण तें तिच्या हातांत होतें. आणि मलाहि विचारावेंसें वाटलें नाहीं, कारण मी तेव्हां इंग्लंडचा इतिहास वाचण्यांत गढलों होतों. पॅरिसच्या त्या म्हाताऱ्यानें आपल्या मागें काय हरवेल ह्याचा विचार केला, तो मीं केला नाहीं. आतां तें ठाऊक असलेलें आमच्या घरांत अक्का हें एकच माणूस आहे, आणि तिच्या हातास अलीकडे कंप सुटूं लागला आहे. म्हणून गेल्या महिन्यापासून रोज संध्याकाळीं मी वही घेऊन तिच्यापाशीं बसतों. पहिल्या दिवशीं तिनें प्रमाणें सांगावयास आरंभ केला. मीं म्हटलें, "अक्का, आंकडे नंतर. तुला काय दिसतें तें आधीं सांग." ती हंसली, आणि चष्मा पुसून सांगूं लागली.